जुन्या संगणकांसाठी मुक्त सॉफ्टवेअर

उत्पादक कंपनीने ज्यांची जबाबदारी सोडून दिली आहे अशा संगणकांवर, मुद्रकांवर व अन्य उपकरणांवर चालणारे, आणि स्वयंसेवक, हौशी तंत्रज्ञ व काही संस्था यांनी पुढे चालू ठेवलेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, असा या विषयाचा थोडक्यात अर्थ सांगता येईल. संगणकाचे यंत्र बिघडण्याच्या कितीतरी आधी त्यावरील सॉफ्टवेअरचा आधार संपतो, हा या विषयाचा गाभा होय. मुंबई-पुण्यात जुना संगणक जगवणे हा बहुधा छंद असतो. गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड, एटापल्ली, भामरागड यांसारख्या भागांत मात्र शाळेतील संगणक-कक्ष उघडा राहणार की त्याला कुलूप लागणार, असे या प्रश्नाचे स्वरूप होते.

आधार संपणे म्हणजे काय

बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत आधार संपण्याची तारीख कंपनी ठरवते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने सुस्थितीतील असंख्य संगणक तिच्या कक्षेबाहेर राहिले. तारीख उलटल्यावर संगणक बंद पडत नाही. सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होणे तेवढे थांबते आणि मग एकेक गोष्ट हातातून सुटू लागते. ब्राउझरची नवी आवृत्ती त्यावर बसत नाही, बँकेचे वा शासनाचे संकेतस्थळ उघडत नाही, नव्या मुद्रकाचा ड्रायव्हर मिळत नाही.

यांपैकी संकेतस्थळ न उघडण्याचे कारण अनेकदा यंत्राची मंदगती हे नसते. सुरक्षित संकेतस्थळाशी जोडणी करताना संगणक त्या स्थळाचे डिजिटल प्रमाणपत्र तपासतो. त्यासाठी लागणारी मूळ प्रमाणपत्रे संचालन प्रणालीत साठवलेली असतात व त्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या सेवेशी संबंधित एक जुने मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या उपकरणांवर संकेतस्थळे एका दिवसात उघडेनाशी झाली. याहून साधे कारण मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीत दडलेले असते. ही बॅटरी संपली की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ मागे जाऊन २००२ किंवा २००९ असे कुठलेही वर्ष दाखवू लागते, आणि त्या तारखेला प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसल्यामुळे ब्राउझर जोडणी नाकारतो. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत ‘इंटरनेट बिघडले’ म्हणून बाजूला ठेवलेल्या संगणकाची पहिली तपासणी म्हणूनच तारखेची करावी. ही बॅटरी बदलायला किरकोळ खर्च येतो.

लिनक्स कर्नल आणि जुने प्रोसेसर

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा २५ ऑगस्ट १९९१ रोजी केली. त्या वेळी ते इंटेल ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर काम करीत होते. त्याच ३८६ चा आधार लिनक्सच्या ३.८ या आवृत्तीतून (२०१३) काढून टाकण्यात आला. तो काढण्याचा बदल इंगो मोल्नार यांनी सादर केला होता. बहुप्रोसेसर संगणकांसाठीच्या सुधारणा करताना त्या एका प्रोसेसरची आडकाठी वारंवार येत असे, हे त्यामागील कारण होते. टॉरवाल्ड्स यांनी आपल्या पहिल्या यंत्राबद्दल हळवेपणा न दाखवता बदल स्वीकारला. २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीतून आठ अल्पपरिचित प्रोसेसर-कुळे वगळण्यात आली, तर २०२४ च्या जानेवारीतील ६.७ या आवृत्तीतून इंटेलच्या इटॅनियमला निरोप मिळाला. ४८६ प्रोसेसरचा आधार काढण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला.

या नोंदींवरून मुक्त सॉफ्टवेअर जुने सर्व काही कायम सांभाळते असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. येथे निर्णय विक्रीच्या हिशेबावर होत नाही, तर त्या भागाची देखभाल करणारा कोणी उरला आहे का यावर होतो. त्याची चर्चा उघडपणे होते, आणि काढलेला भाग जुन्या आवृत्तीतून परत घेऊन स्वतः चालवण्याची मुभा कोणालाही राहते. मोटोरोला ६८००० कुळातील प्रोसेसर हे याचे बोलके उदाहरण आहे. जुने अमिगा, अटारी व मॅकिंटॉश संगणक या प्रोसेसरवर चालत. डेबियनने १९९८ मध्ये त्यांना अधिकृत आधार दिला व २००७ च्या आवृत्तीत तो काढला. तरीही मोजक्या हौशी मंडळींनी ‘डेबियन पोर्ट्स’ या अनधिकृत शाखेत ते काम आजतागायत चालू ठेवले आहे. १९९३ साली सुरू झालेली नेटबीएसडी ही संचालन प्रणाली तर अशा यंत्रांचे माहेरघर समजली जाते. १९७० च्या दशकात पहिल्यांदा आलेल्या व्हॅक्स संगणककुळालाही तिने आधार दिला आहे.

३२-बिट संगणकांचा प्रश्न

सर्वसामान्य वापरकर्त्याला जो बदल प्रत्यक्ष जाणवतो, तो ३२-बिट संगणकांच्या बाबतीत. क्रोम ब्राउझरने ३२-बिट लिनक्ससाठीचा आधार २०१६ मध्ये थांबवला. उबुंटूने २०१७ च्या ऑक्टोबरातील आवृत्तीपासून ३२-बिट डेस्कटॉपची प्रतिमा देणे बंद केले. फेडोराने ऑक्टोबर २०१९ च्या ३१ व्या आवृत्तीत तेच केले. उबुंटूने २०१९ मध्ये ३२-बिट पॅकेजेसही पूर्णपणे वगळण्याचे जाहीर केले होते, परंतु जुने खेळ व विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्यांनी तीव्र हरकत घेतल्यामुळे निवडक पॅकेजेस ठेवावी लागली. डेबियन हा अनेकांचा शेवटचा आसरा होता. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकावर थेट स्थापना करण्याची सोय उरली नाही. डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२-बिट लिनक्सला रजा दिली. अँटिएक्स, पपी लिनक्स (मूळ निर्माते ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर, २००३) व टायनी कोअर ही लहान वितरणे या वर्गातील यंत्रांसाठी विशेष परिचित आहेत.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे इष्ट होय. कार्यालयांत व शाळांत ३२-बिट म्हणून बाजूला टाकलेले पुष्कळ संगणक वस्तुतः ३२-बिट नसतात. इंटेलच्या २००६ पासूनच्या कोअर-टू-ड्युओ मालिकेतील प्रोसेसर ६४-बिट आहेत. मात्र स्मृती एक-दोन जीबीच असल्याने विक्रेत्यांनी त्यांवर विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती बसवून दिली, आणि पडद्यावर ‘३२-बिट’ असे वाचून सर्वांनी यंत्रालाच तसे ठरवले. लिनक्सच्या कोणत्याही थेट चालणाऱ्या पेनड्राइव्हवरून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की प्रोसेसरची खरी जात कळते. अशा यंत्रात चार जीबी स्मृती व एक साधी एसएसडी घातली, आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके डेस्कटॉप वापरले, तर मराठी टंकलेखन, हिशेबपत्रके, चित्रकला, ध्वनिचित्रपाठ पाहणे एवढी कामे ते विनातक्रार करते.

त्याआधीच्या यंत्रांचे अडथळे सूक्ष्म असतात. पेंटियम-३ व अ‍ॅथलॉन एक्सपी या प्रोसेसरांत एसएसई-२ हा आज्ञासंच नाही, म्हणून २०१७ नंतरचा फायरफॉक्स त्यांवर चालत नाही. पेंटियम-एमच्या काही लॅपटॉपांत पीएई ही सुविधा असूनही प्रोसेसर ती जाहीर करीत नाही. त्यामुळे उबुंटूची १२.१० ही आवृत्ती त्यांवर स्थापना नाकारत असे. पुढे १४.०४ मध्ये एक विशेष सूचना देऊन हा नकार टाळण्याची सोय झाली. ही सोय करणारे लोक कोणाचे नोकर नव्हते, आपला जुना लॅपटॉप टाकवत नाही एवढेच त्यांचे निमित्त होते.

मुद्रक व अन्य उपकरणे

भारतीय कार्यालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत व शाळांत एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन मुद्रक वर्षानुवर्षे ठाण मांडून आहेत. दोन्ही यंत्रे स्वतः फारसा विचार करीत नाहीत, पान आखण्याचे काम संगणकातील ड्रायव्हरवर सोपवतात. ड्रायव्हर नसला की मुद्रक म्हणजे निव्वळ पेटी. १०२० ला दर वेळी सुरू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर पाठवावे लागते. लिनक्सवर ते एचपीलिप किंवा स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरद्वारे पाठवता येते. कॅननच्या मुद्रकासाठी हौशी प्रोग्रामरांनी मुद्रक व संगणक यांमधील संवाद तपासून स्वतंत्र ड्रायव्हर तयार केला. आलेखकार्डांचीही अशीच स्थिती आहे. मेसा या मुक्त आलेख-प्रकल्पाने २०२२ मध्ये अतिजुन्या कार्डांचे ड्रायव्हर मुख्य शाखेतून हलवले, पण टाकून न देता ‘अँबर’ नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले.

देवनागरी आणि जुनी यंत्रे

मराठीच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. पुण्यातील सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाने डॉसवर चालणाऱ्या संगणकांवर भारतीय लिप्या आणल्या, त्या संगणकात बसवायच्या स्वतंत्र कार्डाद्वारे. म्हणजे त्या काळी मराठी लिहिता येणे हे हार्डवेअरवर अवलंबून होते. पुढे विंडोजवर फाँटची लाट आली. प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी निराळी असे. अक्षरजुळणीची काही सॉफ्टवेअर तर पोर्टला लावायच्या कुलुपासह विकली जात. कुलूप हरवले वा ते पोर्ट असलेला संगणक गेला, की विकत घेतलेले सॉफ्टवेअरही गेले. छोट्या छापखान्यांत पेजमेकरसाठी (अखेरची मुख्य आवृत्ती ७.०, २००१) विंडोज एक्सपीचा एखादा संगणक इंटरनेटला न जोडता जपून ठेवलेला आढळतो, तो याच कारणाने. त्यात दिवाळी अंक, लग्नपत्रिका, स्मरणिका, गावांचे इतिहास असे पुष्कळ मराठी लेखन अडकलेले असते. यंत्र बंद पडण्याआधी ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे हाच त्यावरील खरा उपाय आहे.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी आणण्याचे काम २००० च्या सुमारास मुंबईतील इंडलिनक्स प्रकल्पाने हाती घेतले. रेड हॅटने लोहित फाँट २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले आणि कंपनीच्या पुणे कार्यालयात भारतीय भाषांचे बरेच काम झाले. आज जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ ही मुक्त संहिता करते. फायरफॉक्स व लिब्रेऑफिस ती आपल्यासोबतच बाळगत असल्याने जुन्या यंत्रावरही अक्षरे तुटत नाहीत. पुस्तकमांडणीसाठीचे स्क्रायबस हे सॉफ्टवेअर दीर्घकाळ देवनागरीच्या बाबतीत निरुपयोगी होते. २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती उणीव दूर झाली.

महाराष्ट्रातील शाळा

केंद्र शासनाची शाळांसाठीची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर राबवली गेली. खासगी पुरवठादाराने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा व नंतर शाळेकडे सोपवायचा, अशी ती पद्धत होती. परिणामी शाळेला मालकी मिळाली ती यंत्रे पाच वर्षे वापरून झाल्यावर, आणि नेमका त्याच वेळी निदेशक व देखभाल करणारा माणूस गेला. काही ठिकाणी एकाच संगणकाला अनेक पडदे जोडणारी साधने वापरली होती. त्यांचे ड्रायव्हर बंदिस्त आणि ठरावीक आवृत्तीपुरते असल्याने मूळ संगणक बिघडला की सर्वच पडदे काळे पडत. याच कामासाठीचा मुक्त पर्याय १९९९ पासून एलटीएसपी या नावाने उपलब्ध आहे. त्यात एक बऱ्यापैकी संगणक सर्व्हर होतो, आणि अगदी जुनी, हार्डडिस्क नसलेली यंत्रेही जाळ्यातून सुरू होतात.

केरळने वेगळा मार्ग धरला. तेथील शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आधारले गेले. स्वतःचे लिनक्स वितरण आणि ते बसवू शकणारे प्रशिक्षित शिक्षक या दोन्ही गोष्टी असल्यामुळे यंत्र जुने झाले तरी शाळा पुरवठादाराची मिंधी राहिली नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेचे आहे. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००६ मध्ये नाकारला होता. तरीही २००७ मध्ये या शाळेतील वीसेक मुलांना त्या प्रकल्पाचे एक्सओ-१ हे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती व १ जीबी साठवण होती. पडदा भर उन्हातही वाचता येई. संचालन प्रणाली फेडोरावर आधारित असून तिच्यावर ‘शुगर’ हा मुलांसाठीचा डेस्कटॉप चाले. मूळ संस्थेचा भर पुढे कमी झाला तरी शुगरचे काम २००८ मध्ये स्थापन झालेल्या शुगर लॅब्ज या स्वयंसेवी गटाने चालू ठेवले, आणि ते कोणत्याही जुन्या संगणकावर पेनड्राइव्हवरून चालवता येऊ लागले. जिओड प्रोसेसरच्या वाट्याला मात्र तेवढे आयुष्य आले नाही. डेबियन ११ पर्यंत तो चालत होता. डेबियन १२ (२०२३) ने एक विशिष्ट आज्ञा अनिवार्य केली. ती जिओडमध्ये नाही.

सूरजागड व गडचिरोली परिसर

सूरजागड हे एटापल्ली तालुक्यातील गाव व त्यालगतचा लोहखनिजाचा डोंगर. परिसरात माडिया गोंड समाजाची वस्ती आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. देसाईगंज (वडसा) हे दीर्घकाळ जिल्ह्यातील एकमेव रेल्वेस्थानक राहिले आहे, आणि तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. सूरजागडच्या बाजूने पाहता आलापल्ली-अहेरीच्या पलीकडचा सुटा भाग आणायचा तर चंद्रपूर वा नागपूर गाठावे लागते. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तोही मार्ग अडतो.

अशा ठिकाणी सॉफ्टवेअरची निवड शहरातल्याप्रमाणे करून चालत नाही. दर आठवड्याला शेकडो एमबी अद्ययावतने मागणारी, इंटरनेटविना सक्रिय न होणारी प्रणाली येथे कुचकामी ठरते. मुक्त वितरणाची संपूर्ण प्रतिमा एका पेनड्राइव्हवर आणून कितीही संगणकांवर बसवता येते, परवाना क्रमांक लागत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हे छोटे ध्वनिचित्रपाठ लिनक्स, लिब्रेऑफिस आदी विषयांवर मराठीतही आहेत व ते उतरवून घेऊन इंटरनेटविना वापरता येतात. गडचिरोलीच्या सीमेलगतच्या छत्तीसगड व तेलंगणा या राज्यांत टाटा सामाजिक विज्ञान संस्था व अमेरिकेतील एमआयटी यांच्या ‘क्लिक्स’ उपक्रमाने शाळांतील उपलब्ध संगणक-कक्षांतच मुक्त सॉफ्टवेअर व इंटरनेटविना चालणारी शिक्षणसामग्री वापरली होती.

भाषेचा मुद्दा येथे सर्वांत महत्त्वाचा ठरतो. गोंडी व माडिया या भागात बहुधा देवनागरीत लिहिली जाते, परंतु गोंडीच्या स्वतंत्र लिप्याही आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेल्या मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये २०१७ साली, तर आदिलाबाद भागातील गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ साली स्थान मिळाले. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, त्यामुळे गोंडी मजकूर संगणकावर लिहिण्याची गरज कागदोपत्री राहिलेली नाही. विंडोज ७ सारख्या थांबलेल्या प्रणालीत या लिप्या स्वतःहून कधीच येणार नाहीत. त्याच जुन्या यंत्रावर आजचे लिनक्स बसवले व मुक्त परवान्याचे नोटो फाँट घातले, तर दोन्ही लिप्या दिसतात. यंत्र दहा-पंधरा वर्षांचे आणि लिपीचा आधार कालचा, असा हा योग केवळ सॉफ्टवेअर चालू राहिल्यामुळे जुळून येतो.

मर्यादा

जुने ते सगळे जपावे, असे मात्र नाही. पेंटियम-४ च्या काही प्रोसेसरांची उष्णताक्षमता ११५ वॅटपर्यंत जाते. त्यात काचेच्या नळीच्या पडद्याची भर पडली की एका सौरपट्टीवर एकही संगणक धड चालत नाही, उलट रास्पबेरी पाय ४ (२०१९) सारखा छोटा संगणक मोजक्या वॅटमध्ये तेच काम करतो. कोअर-टू-ड्युओच्या आधीची यंत्रे वर्गात वापरण्यापेक्षा मुलांना उघडून दाखवण्यासाठी ठेवणे अधिक उपयुक्त. टाकाऊ यंत्रे भंगारात न देता अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावीत, असे ई-कचरा नियम (२०२२) सांगतात. वनभागातून ती केंद्रापर्यंत पोहोचवायची कशी हे ज्या-त्या शाळेला पाहावे लागते.

स्वयंसेवकांच्या श्रमालाही मर्यादा आहे. एखाद्या ड्रायव्हरची देखभाल जगभरात दोघे-तिघेच करीत असतात, आणि त्यांनी थांबायचे ठरवले की काम तेथेच थांबते. कर्नल व मूलभूत साधनांत रस्ट या नव्या प्रोग्रामिंग भाषेचा वापर वाढत आहे. अल्फासारख्या जुन्या प्रोसेसर-कुळांसाठी रस्टचा उपयुक्त अनुवादक नसल्यामुळे त्यांच्या हौशी समुदायांपुढे नवे संकट उभे आहे.

याखेरीज ३२-बिट प्रणालींना कालमापनाची मर्यादा आहे. युनिक्स पद्धतीत काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. ३२-बिट अंकात ही मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. लिनक्स कर्नलने ५.६ या आवृत्तीत (२०२०) ३२-बिट यंत्रांसाठीही यावर तोड काढली. डेबियन १३ ने आपल्या उर्वरित ३२-बिट शाखांत ६४-बिट कालगणना आणली, मात्र जुन्या इंटेल संगणकांची शाखा तिला अपवाद ठेवली, कारण त्या शाखेचा उपयोग आता मुख्यतः जुनी तयार सॉफ्टवेअर चालवण्यापुरता उरला आहे आणि कालगणना बदलल्यास नेमकी तीच चालणार नाहीत.